मुठीतलं शेपूट

सुरी विकत घ्यायला गेलेला माणूस काय करतो? पात्यावरून अंगठा आडवा फिरवतो, मान डोलावतो, फार तर दुकानदाराकडून रद्दीचा कागद मागून तो कापून बघतो. मूठ कुणी बघत नाही. बघितलीच तर रंग बघतात. मुठीच्या आत लोखंड किती गेलंय, असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. हे मी मोठ्या तोंडानं सांगते खरी, पण मीही कधी विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तरफ, टेकू, भार, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. घरातली सुरी उलटी करून बघायची अक्कल मात्र आली नाही.

घर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. तिची मटणाची खानावळ आहे. कोल्हापुरात अशा खानावळी पैशाला पासरी, पण रविवारी आक्काच्या दारात लोक तासभर ताटकळतात, आणि ताटकळायला कोल्हापूरकर काही मुळात सोशिक नाही. आक्का खाटकाकडून तुकडे आणत नाही. अख्खी मांडी आणते आणि स्वतः सोडवते. "सत्तूरानं धबाधबा तोडलं की हाडाच्या कपच्या रश्श्यात येत्यात, पावण्याच्या दाताखाली," असं तिचं म्हणणं. म्हणून आधी सुरीनं सांधा मोकळा करायचा, मग मांस, आणि सगळ्यात शेवटी सत्तूर. हे तिनं तीस वर्षं केलं.

तिची जुनी सुरी तिच्या सासऱ्यांनी लोहाराकडून घडवून घेतलेली होती. पात्याचं लोखंड त्याच रुंदीनं सरळ मागं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, दोन्ही अंगांना बाभळीच्या दोन फळ्या आणि आरपार तीन रिव्हेट. मुठीत जाणाऱ्या त्या लोखंडाला आक्का शेपूट म्हणते. सुरी काळी पडायची, ओली ठेवली तर गंजायची, दिसायला अगदीच ध्यान. आणि आता खानावळीत येणारे लोक जेवायच्या आधी स्वयंपाकघराचा व्हिडिओ काढतात. त्या व्हिडिओत ती काळी सुरी माझ्या भाच्याला, म्हणजे आक्काच्या मुलाला, खुपायला लागली.

गेल्या खंडेनवमीला त्यानं नवी सुरी आणली. आतून मखमल लावलेला डबा, आरशासारखं पातं, तांबूस तपकिरी मूठ. मुठीच्या गळ्याशी चकचकीत कडं आणि अंगावर तीन पितळी रिव्हेट. पाटावर सत्तूर, किसणी, झारे मांडले होते, मधोमध ही नवी नवरी. हळदकुंकू, झेंडू, नारळ सगळं झालं. आक्कानं सुरी हातात घेतली, उलटी केली, कडेनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "शेपूट दिसंना की रं हिचं."

"आतनं असतंय आई. आता अशीच येत्यात. रिव्हेट बघ की, तीन-तीन हाईत."

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली ना! मी म्हटलं, "अगं, कारखान्यात मशिनवर करतात. त्यांना कळतंय तेवढं." झालं. सणासुदीचं पोराचं मन कशाला मोडा, म्हणून तिनंही सुरी परत पाटावर ठेवली. जुनी सुरी दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात गेली.

पौषातल्या एका रविवारी सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. आक्कानं डाव्या हातानं मांडी दाबून धरली होती, उजव्या हातानं सुरी सांध्यात घालून पिळली. कट् असा आवाज आला. मला वाटलं हाड मोडलं. बघते तर पातं सांध्यातून उसळून तिच्या डाव्या हातावर आडवं पडलेलं आणि ठोकळा लाल झालेला. मधली दोन बोटं पार आतपर्यंत कापली गेली होती. भाचा धावत रिक्षा घेऊन आला. टॉवेल गुंडाळून मी तिला घेऊन बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" आक्का तोंड उघडणार तेवढ्यात मी बोलले. शाळेतल्या बाईची खोड जात नाही, वर्गातसुद्धा पोरांची उत्तरं मीच देऊन टाकायची. "हात सटकला हो तिचा," मी म्हटलं. "वय झालंय, ऐकत नाही." डॉक्टरांनी मान हलवून तसंच लिहून घेतलं.

बोटांच्या शिरा जोडल्या, टाके पडले, हात गळ्यात आला. आणि मग भेटायला येणाऱ्यांची रीघ. एकेकाचं बोलणं आठवलं तरी अजून माझं डोकं तापतं. "हात सटकला व्हय? चालायचंच." "साठी उलटली, आता देवाचं नाव घ्यावं, जोतिबाला जाऊन यावं." "आमच्या आईचंबी असंच झालं, मग आम्ही तिला चुलीपाशी जाऊच दिलं न्हाई." सोबत शहाळी आणायची, आणि जाताना बाईच्या तीस वर्षांच्या कामावर माती टाकून जायचं! एकानंही विचारलं नाही की सुरीला काय झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच.

भाच्यानं तर निर्णयच घेऊन टाकला. आता खाटकाकडूनच तुकडे आणायचे. "आई, तू दारात खुर्ची टाकून बसायचं. पावण्यांस्नी या-बसा म्हणायचं. लई केलंस." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रेमानंच म्हणत होता, म्हणून जास्त चीड यायची. दुष्टपणानं बोलला असता तर मी दोन शब्द सुनावले असते.

टाके निघाले आणि आक्का खुर्चीवर जाऊन बसली. तिचा उजवा हात धडधाकट होता, त्याला ओरखडासुद्धा नव्हता. पण एकदा मी बघितलं, तिनं लिंबू चिरायला सुनेला हाक मारली. लिंबू! दुसऱ्या दिवशी कोथिंबीर पुढ्यात आली तर ताट बाजूला सारलं. "माझाच हात सटकला असंल," ती म्हणाली. "आता भ्या वाटतंय. उद्या कुणाच्या पोराला लागलं म्हंजे?" आयुष्यात कुणाच्या बापाला न भ्यालेली माझी बहीण विळीला भ्यायला लागली होती, आणि सगळं घर तिला समजूतदार झाली म्हणत होतं.

मग अवस आली. आमच्याकडे रीत अशी की ज्या हत्यारानं धन्याचंच रक्त काढलं ते घरात ठेवायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. तांबड्या फडक्यात बांधून अवसेला नदीत सोडायचं. अपघाताच्या दिवशी आम्ही दवाखान्यातून परतल्यावर सुनेनं सुरीचे दोन्ही तुकडे न बघता गुंडाळून परसात खुंटीला टांगले होते. भाचा त्या दिवशी नृसिंहवाडीला दर्शनाला निघाला होता, संगमावर सोडून येतो म्हणाला. मी पोचले तेव्हा गाडी सुरू होती आणि फडकं हँडलला लटकत होतं. इतके आठवडे तेही आमच्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं, आणि देवाधर्माच्या नावाखाली आम्ही त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

"दाखव बघू," मी म्हटलं.

"मावशी, गाठ नगं सोडू. रक्ताचं हत्यार हाय."

"मी विज्ञानाची बाई आहे. मला पाप लागत नाही. आण इकडं."

गाठ सोडली. पातं वेगळं, मूठ वेगळी. पात्याच्या मागं जेमतेम एक पेर लोखंड, तेही बोटाएवढं अरुंद, मोडलेलं. मी तडक परसातल्या पाट्याशी गेले, मूठ त्यावर ठेवली आणि वरवंटा घातला. दुसऱ्या घावाला मूठ उकलली. आत मोडलेल्या शेपटीचा उरलेला तुकडा होता, नखाएवढा. त्याच्या पुढं पिवळा वाळलेला डिंक, आणि त्याच्या पुढं काही नाही, नुसती पोकळी. तीन पितळी रिव्हेट? त्या रिव्हेट नव्हत्याच. वरून चिकटवलेल्या टिकल्या होत्या, नखानं काढल्या तर निघाल्या. आणि ते गळ्याशी चकचकीत कडं कशाला होतं? जिथं पातं संपतं, जिथं सगळा जोर येतो, नेमकी तीच जागा झाकायला! बडा घर पोकळ वासा. मोडणार होती ती कुणाच्याही हातात, पैलवानाच्या असती तर आधीच मोडली असती.

आक्का दारातली खुर्ची सोडून कधी मागं येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिनं तो नखाएवढा तुकडा उचलला, तळहातावर घेतला.

"एवढंच?" ती म्हणाली. उजव्या हाताची बोटं त्यावर मिटली. मग म्हणाली, "म्हंजे मी धरून हुतो."

"होय गं आक्का, तुझा हात सटकला नव्हता."

"ते तू मला सांगतीस?" ती एकदम माझ्यावर उखडली. "रिक्षात मूठ माझ्या हातात न्हवती व्हय? हात सटकल्यावर मूठ हातात ऱ्हातीया व्हय गं? माझी बोटं धरून तूच की सोडवलीस ती!"

खरं होतं. त्या दिवशी रिक्षात तिच्या उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली होती. "सोड गं, सोड," म्हणत मीच एकेक बोट उघडून सुरीची मूठ काढून घेऊन पिशवीत टाकली होती. आणि पाचच मिनिटांनी डॉक्टरांना सांगितलं, हात सटकला. सगळ्या गावानं ते माझ्याच तोंडून उचललं होतं. पुरावा ज्या हातानं काढून घेतला, त्याच हातानं मी तिचा न्याय केला होता. मला रडू आलं, आणि आक्कानं मला रडू दिलं. समजूत घातली नाही, आणि ते बरोबरच होतं.

माझा राग मग कुठंतरी काढायलाच हवा होता. उकललेली मूठ आणि सुरीचा डबा पिशवीत घालून मी भाच्यानं ती घेतली ते दुकान गाठलं. दुकानदार हसून म्हणाला, "मॅडम, ही भाजीची सुरी हो. मटणाला कोण वापरतंय?" मी डबा काढून समोर ठेवला. डब्यावर चित्र होतं, मटणाच्या मांडीचं, शेजारी ही सुरी. त्यावर म्हणतो, "चित्र काय, कंपनी कायपण टाकते. बदलून देतो की दुसरी." मी म्हटलं, "दे. पण आधी माझ्यासमोर तिची मूठ फोडून दाखव." तो म्हणाला, "फोडल्यावर विकू कशी?" शेजारी एक गृहस्थ तसल्याच सुरीच्या पात्यावर अंगठा फिरवत उभे होते. मी त्यांच्यापुढं मूठ धरून पोकळी दाखवली. त्यांनी मान डोलावली, अरेरे म्हणाले, आणि निळ्या मुठीची आहे का म्हणून विचारलं!

त्याच आठवड्यात आक्का स्वतः उचगावच्या एका लोहाराकडे गेली. मी सोबत होते, बोलायची परवानगी नव्हती. त्या लोहाराची रीत मला फार आवडली. पातं आणि शेपूट एकसंध घडवून झालं की तो लाकूड चढवत नाही, आधी गिऱ्हाईकाला बोलावतो. "पावणं, नागडं हाय तंवर बघून घ्या. लाकूड चढल्यावर समदंच चांगलं दिसतंय," म्हणाला. आक्कानं उघडं लोखंड उजव्या मुठीत आवळून धरलं, वजन तोललं. मला राहवलं नाही, विचारलंच, शेपूट लाकडात लपलं तर चालतच नाही का? "चालतंय की. पर टोकापतूर जाऊन पलीकडनं भाईर निघाय पायजे, आनि तिथं ठोकून पलटाय पायजे. मधीच थांबलं तर ती मूठ न्हवं, नुसतं टोपान." असं म्हणून त्यानं पातं शिकंज्यात पकडलं, शेपटीवर लोखंडी नळी चढवली आणि आमच्यासमोर सगळं अंग तिच्यावर टाकलं. शेपूट जराही हललं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी अख्खी मांडी घरात आली. आक्का ठोकळ्यापाशी बसली. डाव्या हाताची दोन बोटं अजून पुरती मिटत नव्हती, म्हणून तिनं मांडी तळहाताच्या टाचेनं दाबली. दारात लोक जमायला लागले होते. भाचा कामं सोडून उंबऱ्यात उभा, रडवेला. सुरी सांध्यात शिरली आणि तिनं ती पिळायला घेतली, तसा तो बोललाच, "आई, जपून गं."

आक्कानं मान वर केली नाही.

"मी तीस वर्सं जपूनच कापत हुतो," ती म्हणाली. "तू जपून आनली न्हाईस."