डोहाकाठच्या चपला

तो प्रसंग मी अजूनही विसरलेलो नाही. २०१६चा उन्हाळा. मी तलासरी भागात फौजदार म्हणून नेमणुकीला होतो. सकाळी ठाण्यात फोन आला, एका पाड्याच्या डोहात मासे मरून तरंगताहेत आणि लोकांनी एका टेम्पोवाल्याला झाडाला बांधून ठेवलंय.

एक हवालदार आणि एक शिपाई घेऊन मी निघालो. पाड्यावर शे-दीडशे माणसं होती, हातात कोयते, आणि कुणीही ओरडत नव्हतं. मला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली. पाऊस येईपर्यंत सगळा पाडा त्याच डोहाचं पाणी प्यायचा. म्हणून होळीनंतर तिथे मासेमारी बंद, आणि डोहाच्या वाटेवरच्या दगडापाशी चपला काढूनच खाली उतरायचं, असा नियम लोकांनी स्वतःच घातला होता.

टेम्पोत चिकूवाडीच्या फवारणीचं औषध होतं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, गाडी गरम झाली म्हणून पाणी घ्यायला उतरलो. बाकी मला काय पण माहीत नाय."

खरं सांगतो, मला जीव वाचवायची घाई झाली होती, त्याच्यापेक्षा माझा. त्यालाच आरोपी दाखवून निघावं म्हणून मी पंचनाम्याचे कागद काढले.

तेवढ्यात हवालदाराने दगडाकडे बोट दाखवलं. तिथे चपलांचा एकच जोड पडला होता. ड्रायव्हरच्या पायात तर बूट होते. म्हणजे विष कालवायला आलेल्या माणसाने सवयीने चपला काढल्या होत्या, आणि टेम्पोची चाहूल लागताच तो अनवाणीच पळाला होता. परका माणूस असं करणार नाही.

"कुणाच्या या?" मी विचारलं. लोक वाकून चपला बघू लागले, पण कुणाला ओळखता आल्या नाहीत.

शेवटी एक म्हातारी पुढे आली. "माझ्या पोऱ्याच्या, सायेब. त्या गाडीवाल्याला सोडा."

तिचा मुलगा गर्दीतच उभा होता, कोयता घेऊन. तो वाडीवर कामाला जायचा. चोरून मासे धरायला बाटलीभर औषध त्याने तिथूनच आणलं होतं. "झाडाच्या सालीनं मासे गुंगतात, तसंच होईल वाटलं," एवढंच तो बोलला. पाणी कुणी प्यालं नव्हतं, हे नशीब.

आता सगळे त्याच्याकडे वळले. म्हातारी मध्ये उभी राहिली आणि मला म्हणाली, "याला आत्ताच घेऊन जा. मी हाय इथं."

मी ड्रायव्हरला सोडवलं आणि पोराला गाडीत बसवलं. तिला मात्र त्याच लोकांत राहायचं होतं, डोह नासल्यावर त्यांच्याकडेच हंडाभर पाणी मागून. ती गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं. आणि मी वर्दीत असून भीतीपोटी एका निरपराध माणसाचं नाव लिहायला निघालो होतो, याची मला आजही लाज वाटते. पुढच्या नोकरीत आरोपीचं नाव लिहिताना ती बाई आठवायची. मग मी पेन खाली ठेवून पुन्हा एकदा विचारायचो.