नाव घातलेला गिलास

पांढुर्ण्याच्या फलाटावर गाडी येताना दिसली तेव्हा मायनं माझ्या पिशवीत स्टीलचा गिलास कोंबला. तिचाच, तिचं नाव घातलेला. "राहू दे वो माय, तिथं असतीन गिलास," मी म्हटलं.

"असतीन. पण तुले देतीन का?"

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पुण्यात काय असतं हे तिला माहीत नव्हतं, मलाही नाही.

पांढुर्ण्याजवळच्या तिगावात, मोहगावात राहिलेल्यांना हे सांगायला नको. बाहेर पडलेल्यांना मात्र आठवण करून देते. बगिच्यात संत्र्याच्या तोडाईला गेलं की बौद्ध वस्तीतल्या बायकांनी आपापला गिलास न्यायचा. मालकाचा माणूस वरून पाणी ओतायचा. मग ते गिलास कुंपणाच्या खुंट्यांवर पालथे, आणि मालकाच्या घरचे पेले ओट्यावर. कोणी कोणाला काही म्हणत नसे.

म्हणूनच कँटीनमध्ये पहिल्या आठवड्यात चहासाठी मी स्वतःचाच गिलास पुढे केला. हात आपोआप गेला. शेजारची मुलगी म्हणाली, "वा! प्लास्टिक टाळतेस?" मी हो म्हणून मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते. गिलासाची नाही.

दुसऱ्या वर्षी वर्गात एक अमेरिकन कादंबरी होती. त्यातली काळी स्वयंपाकीण गोऱ्यांच्या घरी सगळ्यांचं रांधते आणि स्वतः मागच्या पायरीवर टिनाच्या मगातून पिते. एक दिवस ती सगळ्यांसमोर घरातला कप उचलते. वर्ग हळहळला. "बाप रे, माणसं अशी वागायची!" सेमिनारसाठी मी तीच कादंबरी घेतली आणि एका परिच्छेदात आमच्याकडचा संत्र्याचा बगिचा आणि खुंट्यांवरचे गिलास लिहिले. मॅडमनी त्याभोवती पेन्सिलीनं कंस केला. "चांगलं आहे, पण विषय वर्णभेदाचा आहे. हे काढ. निबंध वार्षिक अंकात छापायचाय."

छापायचाय म्हटल्यावर मीच घाबरले. माय अजून त्याच बगिच्यात जात होती, आणि मालकाचा पुतण्या आमच्याच कॉलेजात होता. मी तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ ती त्या स्वयंपाकिणीचीच चौकशी करत राहिली. पोरं किती, काम गेलं का. मग म्हणाली, "तू खोटं लिवून राहिली का?"

"नाही."

"मंग काहून काढतं?"

मी काढला नाही. सेमिनारच्या दिवशी गिलास टेबलावर ठेवून तो परिच्छेद वाचला. मॅडम शेवटपर्यंत खाली बघत होत्या. परिच्छेद छापून आला.

सुट्टीत घरी गेले तेव्हा कळलं, मायनं बगिच्यात ओट्यावरचा पेला उचलून पाणी प्यायलं होतं.

"तुह्या त्या बाईवानी," ती हसत म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? पाणीच होतं."

दुसऱ्या दिवसापासून तिला कामाला बोलावलं नाही. आता ती बोरगावकडे दुसऱ्या बगिच्यात जाते. सोबत वस्तीतल्या चौघी. एकीच्याही हातात गिलास नसतो.

घर म्हणजे काय, हे मला नीट सांगता येत नाही. निघाले तेव्हा घर म्हणजे कुंपणावरची आपली खुंटी ओळखणं होतं. मायचा गिलास आता माझ्या टेबलावर असतो, त्यात पेनं ठेवते. पुढच्या वेळी गावी येईन तेव्हा तो पिशवीत नसेल. तहान लागली की लागेल त्या दारात पाणी मागेन, आणि त्यांच्याच पेल्यातून पिईन.