रेघेवरचा ठिपका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या आमच्या ह्यांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही ह्यांना ओळखत नव्हता, म्हणून असेल. ओळखणाऱ्यापुढे माझी जीभ रेटत नाही.

आधी त्यातल्या त्यात सोपं कबूल करते. मी पाण्याला भिते. मी घाटावरची; लग्न करून किहीमला नारळी-पोफळीच्या वाडीत आले, तर सासरच्यांनी पहिल्याच दिवशी चिडवलं, घाटावरची आहे, लाट बघून पळेल! मी म्हटलं, मी नाही भीत. झालं. तेच खोटं जन्मभर मिरवलं. लाँचने मुंबईला जाताना हातांनी बाक घट्ट धरलेला, आणि तोंडावर हसू.

ह्यांना मात्र समुद्राचं वेड. निवृत्तीनंतर एक जुनी, केबिनवाली छोटी मोटरबोट घेतली, मांडव्याला ठेवली. मला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली जायचं, हे त्यांचं स्वप्न — आधी रेवदंडा, मग मुरूड, मग हरिहरेश्वर, मग जमेल तिथवर. पण थंडीत सकाळी इकडे धुरकं असं बसतं की शेजारची होडी दिसत नाही. म्हणून रडार हवं.

अहो, मुलीला स्थळं बघताना एवढी चिकित्सा केली नव्हती! पावसाळाभर बोट किनाऱ्यावर ओढलेली, आणि हे घरात बसून रडार निवडतायत. वर उघडा फिरणारा दांडा असलेलं नको, दोऱ्या अडकतील. बंद डबाच हवा. बॅटरी किती खाईल? बसवायचं किती उंच? खाली बसवलं तर आपलीच डोकी आड येणार, फार वर गेलं तर जवळचं दिसणार नाही. एकदा तर डब्याच्या जागी माझं इडलीचं पातेलं बोटीच्या खांबाला बांधून उंची बघितली. मी ओरडले, मग दोघंही पोट धरून हसलो. मला ते दिवस हवेत हो. पातेलं वर बांधलेलं आणि खाली हे मान वर करून उभे — एवढं एकदा परत दिसावं.

बसवलंही स्वतःच. खांबातून वायर ओवताना खालचं टोक माझ्या हातात. ह्यांचा हात असा होता की घरातला पंप, मिक्सर, शेजारणीचं शिलाई मशीन, काहीही बिघडलं तरी ह्यांच्याच पुढ्यात यायचं.

मग तपासणी. तिला दोन माणसं लागतात. बोटीचं चाक बाहेर, रडारचा पडदा आत केबिनमध्ये. ह्यांनी बोटीचं नाक दूरच्या बोयावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या लाल पिंपावर धरायचं. मी आत बघायचं, की पिंपाचा ठिपका पडद्यावरच्या मधल्या उभ्या रेघेवर येतो का. आला, तर रडार सरळ बसलं.

"आला का गं रेघेवर?"

ठिपका — थांबा जरा.

ठिपका रेघेवर होता. पहिल्याच फटक्यात, बरोब्बर.

आणि मी म्हटलं, "नाही हो. उजवीकडे दिसतोय."

का म्हटलं? वाटलं, वाकडं बसलं म्हटल्यावर सगळं उतरवतील, पुन्हा बसवतील, तोवर हंगाम सरेल आणि जाणं टळेल. मला भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतं ना? ते म्हणवलं नाही. पण हे बाहेरून म्हणाले, "हात्तिच्या! ते बटणानं होतं. चित्र डावीकडे सरकव, रेघेवर आलं की सांग." आता? खोटं बोलले होते, असं सांगू? मी बटण दाबत गेले. सरळ होतं ते वाकडं केलं, आणि ओरडले, "आला!" तर म्हणतात कसे, "बघ, तुझ्याशिवाय जमलं नसतं."

एवढ्याशानं काय होतंय, अशी मी मनाची समजूत घातली. सुरुवातीच्या जवळपासच्या फेऱ्यांत, उन्हात डोळ्यांना सगळं दिसायचं, पडद्याची गरजच पडली नाही.

रेवदंड्याला निघालो त्या सकाळी किहीम मागे पडलं आणि धुरकं उतरलं. हे चाकावर, मी पडद्याशी. एक ठिपका रेघेच्या डावीकडे होता. ह्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, "समोर मोकळं आहे." पडद्यावर तसंच दिसत होतं — मीच तसं करून ठेवलं होतं. आणि तोच ठिपका, मासेमारीची होडी, थेट नाकासमोर! ह्यांनी चाक गरकन फिरवलं. थोडक्यात वाचलो. होडीतला नाखवा उभा राहून ओरडला, "ओ शेठ, डोलं हायत का न्हाय? मारता का काय आमाला?" ह्यांनी हात जोडले.

परतताना हे एकच बोलले. "मीच वाकडं बसवलं. ह्या हातांत आता राम राहिला नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. धक्क्याला बोट बांधताना, रिक्षात, कुठेही. मी काय केलं? घरी येऊन चहा टाकला आणि म्हटलं, "जाऊ द्या हो, वय झालं की होतंच." पहिल्या खोट्यापेक्षा हे वाईट नाही?

बोट त्यांनी देऊन टाकली. मग फ्यूज उडाला तरी वायरमनला बोलवायचे. शेजारीण मशीन घेऊन आली, तिला "आता जमत नाही" म्हणून परत पाठवलं. एकदाच, नळाचा वायसर बदलला आणि मला हाक मारली — "अगं, बघ ना, नीट बसलाय का? तुझी नजर पक्की." मी वाकून बघितलं. "बसलाय," म्हटलं.

हे गेले त्याला आता काही वर्षं झाली. मी कधीमधी मांडव्याला जाते, धक्क्यावर बसते. गंमत बघा, आता पाण्याची भीती वाटत नाही. आता नुसतं "चल" म्हणाले, तर रेवदंडाच काय, नेतील तिथवर जाईन. पण "चल" म्हणणारं माणूस कुठून आणू?

ह्यांनी रडार सरळ बसवलं होतं. ते त्यांना सांगायचं राहून गेलं — नाही, राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही.