पोट्टीच्या हातची वांगी

वानखडे बाई बाजारात यायच्या तेव्हा आमच्या दुकानासमोर चवड्यांवर बसून अगदी मन लावून वांगी निवडायच्या. देठ हिरवं आहे का बघायच्या, एकेक वांगं बोटांनी दाबायच्या, नको ते बाजूला सारायच्या. मनासारखी किलोभर जमली की मान वर करून विचारायच्या, "तोलते कोण?" मी तराजू उचलला की त्या सगळी वांगी परत ढिगावर ठेवायच्या आणि पदराला हात पुसत उठायच्या. "पोट्टीनं तोललेली भाजी मले पचत नाही, संपतभाऊ," असं माझ्या बाबांना सांगून पुढे जायच्या. पुढच्या दुकानात मोठं माणूस तोलत असलं तर तिथून बिनबोभाट भाजी घ्यायच्या.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. मोताळ्याच्या कडेला आमचं दीड एकर रान होतं आणि त्यात वांगी, मेथी, कोथिंबीर असायची. मोताळ्याचा बाजार, रोहिणखेडचा बाजार, मग आणखी कुठला. आई रानात भाजी तोडायची, बाबा आणि मी विकायचो. मी शाळा सोडावी असं घरात कोणी कधी ठरवलं नव्हतं. आधी फक्त मोताळ्याच्या बाजाराचा दिवस बुडायचा. मग दुसऱ्या बाजाराचाही बुडू लागला. मग मधल्या दिवशी गेलं तर वर्गात काय चाललंय ते कळेना, म्हणून मधले दिवसही गेले. तिसरीनंतर मी शाळेत दिसले नाही आणि घरात कोणाला ते खटकलंही नाही. वानखडे बाईंना खटकलं. बाजारामागच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. मी त्यांच्या शाळेतली नव्हते, पण शाळेबाहेरचं प्रत्येक मूल आपल्याच पटावरचं आहे अशा थाटात त्या गावात वावरायच्या.

बाबांना त्यांचा राग यायचा नाही, पण पेच पडायचा. गिऱ्हाईक निवडून निवडून भाजी परत ठेवते हे शेजारच्या दुकानांना दिसायचं. शेवटी एका बाजारी बाबा म्हणाले, "बाई, शाळेत कशी घालू? हिचा जन्माचा दाखला नाही. मामाच्या घरी झाली ही. आधीच्या शाळेत तोंडीच नाव घातलं होतं."

"दाखला नसन, पोट्टी तर समोर बसून हाय ना. कायदा म्हणते, दाखल्यापायी कोणत्याच लेकराले वापस धाडायचं नाही."

"पण वर्ष तर अर्धं सरलं."

"कायदा म्हणते, कधीबी या."

"आता तिसरी-चौथीत लहान पोट्ट्यायसंग बसन का ही? लाजते ती."

"कायदा म्हणते, वयाच्या वर्गात बसवा. पाचवीत बसन. मागचं राह्यलेलं आम्ही शिकवू. फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारची खिचडीबी."

कायद्याबद्दल त्या नेहमी असंच बोलायच्या. जणू तो त्यांच्या घरातला कोणी मोठा माणूस आहे आणि सकाळी चहा पिताना त्यानं हे सगळं त्यांना सांगून पाठवलंय. बाबा हसले. म्हणाले, "तुमचा कायदा लय बोलते बाई. त्याले म्हणा, एक दिवस येऊन आमचा तराजू धर. मी पैसे घेऊ, का वजन करू, का भावासाठी गिऱ्हाइकाशी झगडू? दोन हात हायत मले."

बाई पिशवी उचलून निघाल्या. त्यांची पाठ पाहून मला वाईट वाटलं. मला शाळेत जायचं होतं. ते मी बाबांना सांगितलं नव्हतं, कारण त्यांचे दोनच हात आहेत हे मलाही दिसत होतं.

पुढच्या बाजारी आम्ही पोतं अंथरत होतो, तेवढ्यात बाई आल्या. खांद्याला पर्स, हातात लिहायची पाटी. चप्पल बाजूला काढून सरळ माझ्या जागेवर बसल्या.

बाबा म्हणाले, "हे काय बाई?"

"कायद्याले यायले जमलं नाही. म्हणून मी आली. रजा टाकली हाय आज." मग माझ्याकडे वळल्या. "तू काऊन उभी हायस वं? मागच्या गल्लीनं जाय. पाचवीच्या गुरुजीले सांगून ठेवलं हाय."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी पळतच गेले.

त्यामुळे त्या दिवशी बाजारात काय झालं ते मी पाहिलं नाही. पण बाबांनी ते पुढे इतक्यांदा सांगितलं आहे, की मी तिथेच होते असं मला वाटतं. बाईंनी पाटीवर भाव लिहिले आणि ती वांग्यांच्या ढिगाला टेकवून ठेवली. अर्धा बाजार त्यांचा विद्यार्थी. पहिलाच एक जण आला आणि सवयीनं म्हणाला, "वांगी कशी देल्ली?"

"पाटी वाच. मीच शिकवलं ना तुले?"

त्यानं वाचलं, पैसे दिले आणि भाजी घेऊन गेला. एका ऑटोवाल्यानं थोडी हिंमत केली. "बाई, दोन रुपये कमी करा ना."

"परीक्षेत मार्क वाढवून मागे, आता भाव कमी करून मागून राह्यला. बदलला नाहीस बे तू."

ऑटोवाला म्हणे लाजून वर अर्धा किलो मेथीही घेऊन गेला. वजन मात्र बाईंना अजिबात जमत नव्हतं. तराजू एकीकडे, त्या दुसरीकडे. शेवटी बाबांनीच तराजू हातात घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं, की भावाची घासाघीस नसली की एका माणसाला वजन करून पैसेही घेता येतात. बाराच्या आत माल संपला. बाबा म्हणाले, "बाई, तुम्हीच येत जा दर बाजारी."

"मी नाही येत. पाटी ठेवून जाते."

बाबांना लिहिता येत नव्हतं. त्यामुळे ती पाटी बाजाराच्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी मी लिहायची. माझा पहिला गृहपाठ तो. कोणी घासाघीस करू लागलं की बाबा पाटीकडे बोट दाखवून सांगायचे, "मले काही माहीत नाही. पोरीनं लिहिलं हाय."

पाचवीचा वर्ग सोपा नव्हता. बाजारात बसणारी मुलगी म्हणजे गणितात हुशार असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. पाव, अर्धा, किलो मला तोंडपाठ होतं, पण सात आठे विचारल्यावर मी बोटं मोजू लागले. सात किलो वांगी कोणी मागितलीच नव्हती. मुलं हसली. बाई रोज दुपारी मला व्हरांड्यात घेऊन बसायच्या आणि तिसरी-चौथीचं शिकवायच्या. एकदा मी पुस्तक पदरासारखं तोंडापुढे धरून रडले, तेव्हा म्हणाल्या, "तू काऊन लाजतं? लाजायचं आम्ही मोठ्यायनं. आमच्या डोळ्यासमोर बसली होती ना तू बाजारात." मग डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या खिचडीवर वाढून म्हणाल्या, "खाय. सात आठे छप्पन. खाता खाता म्हण."

आठवी झाल्यावर बाबा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. "बाई, चौदा झाले हिचे. कायद्याचं झालं ना आता?"

"कायद्याचं झालं, भाऊ. माझं नाही झालं."

बाबांनी पेढ्यांचा पुडा तसाच पुढे केला आणि पुन्हा कधी तो प्रश्न विचारला नाही. मी दहावी झाले, बारावी झाले, बुलढाण्याला कॉलेजात गेले. सुट्टीत हौसेनं दुकानावर बसायची. बाई यायच्या, वांगी निवडायच्या, मी तराजूला हात लावला की परत ढिगावर. मी अठरा वर्षांची झाल्यावर म्हटलं, "बाई, आता तर घ्या."

"अजून शिकून राह्यली ना तू? मग बापाले बोलाव."

आणि बाबा आले तरी त्या हसत निघून जायच्या. ती आता आमच्यातली गंमत झाली होती.

बी.ए.चा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात बाईंनी मोताळा सोडायचं ठरवलं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि मुलगा नागपूरला बोलावत होता. जाण्याआधीच्या बाजारी त्या आल्या. गुडघे दुखत होते, तरी चवड्यांवर बसल्या. देठ पाहिले, वांगी दाबली, किलोभर जमवली. मान वर करून विचारलं, "तोलते कोण?"

"मी. घरातली पहिली पदवीधर."

त्यांनी पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं. "मग तोल."

मी तराजू उचलला. बाबा शेजारी उभे राहून उगाच कोथिंबिरीवर पाणी मारत होते. पारडं चांगलं झुकलं, तसं बाईंनी वरचं एक वांगं काढून परत ढिगावर ठेवलं. पाटी वाचून पैसे मोजून दिले. मी घेत नव्हते, तेव्हा बाबा म्हणाले, "घे पोरी. बाईसमोर घासाघीस चालत नाही."

दोन दिवसांनी नागपूरहून फोन आला. मला वाटलं, पोहोचल्याचं सांगतील.

"पूजा, दोन वांगी किडकी निघाली वं."

मी म्हटलं, "बाई, निवडली तर तुम्हीच होती."

"तोलली कोणं? बदलून द्या लागन तुले. पुढच्या महिन्यात येऊन राह्यली मी."