कासवाच्या पाठीवरची पुट्टी

तारापूरच्या कारखान्यांमध्ये मी वीसेक वर्षं फिटर आहे. पाइप गळो, व्हॉल्व्ह गळो, हाक मलाच पडते. एरवी हे मी फुशारकीनेच सांगतो. आज जे सांगायचंय, तेही त्या फुशारकीनेच करून ठेवलेलं आहे.

बोईसरला आमच्या शेजारच्या खोलीतला भाडेकरू गावी परत जाताना एक कासव माझ्या गळ्यात मारून गेला. "रख लो भैया, घर में बरकत रहती है." पंज्याएवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. असं कासव पाळणं गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून मी काय केलं? पिशवीत घालून उमरोळीला आक्काकडे नेऊन सोडलं. आक्का माझी मोठी बहीण. भावजी गेल्यापासून वाडीत एकटीच असते. केळी, मोगरा, चार कोंबड्या. कायद्याचं तिला मी काही बोललो नाही.

आक्काने त्याला असा जीव लावला की विचारू नका. ती मोगरा काढायला बसली की हे तुरुतुरु तिच्या पायाशी. कासव आणि तुरुतुरु? हो, मी डोळ्यांनी पाहिलंय. "आलास काय रं हावरटा," म्हणत ती जास्वंदीचं फूल पुढे करायची. तेवढंच तिला दिवसभरात बोलायला कोणीतरी होतं.

एक दिवस म्हणाली, "वाडीत मुंगूस फिरतो, कुंपणातून कुत्रे येतात. तू मशिनींना जाळ्या करतोस नं, याला एक पिंजरा कर की."

"येत्या रविवारी," मी म्हणालो.

टेप काढून माप घेतलं. कुत्रे उकरतात म्हणून जाळी जमिनीत वीतभर खाली गाडायची, वरून झाकण हवं, असं व्याख्यान दिलं. चहा प्यायलो आणि निघालो. असे चार महिने रविवार आले आणि गेले. जाळीचा तुकडा माझ्या गॅलरीत पडून होता, त्यावर बायको पायपुसणी वाळवायची. आक्का रोज संध्याकाळी कासवावर टोपली पालथी घालून वर दगड ठेवत होती.

पण कुत्रे दुपारी आले. आक्का फुलं द्यायला पालघरला गेली होती. शेजारणीने काठी घेऊन त्यांना हाकललं, तोवर व्हायचं ते झालं होतं. मी ड्यूटी सुटल्यावर मोटारसायकलवर पोचलो. कवचाची उजवी कड चावून काढली होती, तिथून पाठीपर्यंत तडा गेला होता. आत ओलं, लालसर, त्यात माती. आक्काने वर हळद दाबली होती.

"पालघरला डॉक्टरकडे नेऊया रं."

माझ्या मनात आलं, कुठून आणलं विचारतील, नाव लिहून घेतील, कंपनीत कळेल. पण भीती वाटते असं थोडंच म्हणणार! मी म्हणालो, "डॉक्टर काय वेगळं करणार? फुटलेलं जोडायचंच ना? ते माझं काम."

बॅगेत गळक्या पाइपाला लावायची पुट्टी होती. दोन कांड्या एकत्र मळल्या की ती दगडासारखी घट्ट होते. तसा तिचा गोळा केला. आक्का हळूच म्हणाली, "आत माती हाय. आदी धुवायला नको काय?"

"आक्का, मला शिकवू नकोस!"

असा खेकसलो तिच्यावर. फडक्याने वरवर पुसलं, पुट्टी दाबून बसवली, अंगठ्याने गुळगुळीत केली. काम झकास दिसत होतं. एवढंच नाही, मी फोटो काढून मित्रांना पाठवला. त्यांनी अंगठे पाठवले.

चौथ्या दिवशी आक्काचा फोन आला. कासव खात नाही, वास येतोय, माश्या बसतायत. "तू ये नायतर नको येऊस, मी याला टोपलीत घालून निघाले." लाज वाटून मी गेलो.

पालघरच्या डॉक्टरांनी छोट्या मशीनने पुट्टी कापून काढली. खाली अळ्या वळवळत होत्या. मी तोंड फिरवलं.

"हे कोणी लावलं?" डॉक्टरांनी विचारलं.

शब्द माझ्या ओठांवर आले होते, देवाशपथ. पण आक्का आधी बोलली. "मी लावलं, सायेब. अडाणी बाई मी, मला काय कळतं."

"अहो, फुटक्या बादलीला लावतात ते जिवंत प्राण्याला? जखम धुवायची सोडून सगळी घाण आत कोंडलीत!"

"चुकलं, सायेब." साठीची बाई मान खाली घालून ऐकत होती आणि मी बाजूला हेल्मेट धरून उभा होतो. ट्रेमध्ये पुट्टीचा तुकडा पडला होता. त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता.

"जगंल ना?" तिने विचारलं.

"रोज जखम धुवावी लागेल, इंजेक्शनं द्यावी लागतील. जगेल बहुतेक. पण हे पाळता येत नाही, बाई. वनखात्याला कळवावं लागेल. परत मिळणार नाही."

आक्काने कवचावरून एक बोट फिरवलं. आतून डोकं काही बाहेर आलं नाही. "जगू दे," ती म्हणाली. "मग कुटं का ऱ्हाईना."

परतताना ती माझ्या मागे बसली होती. मांडीवर रिकामी टोपली. मी न वळता विचारलं, "आक्का, तू कशाला नाव घेतलंस स्वतःचं?"

"तुला चार लोक मानतात. मला कोन वळखतं?"

मला रडू येत होतं. तिची माफी मागायला हवी होती. मी गिअर बदलला.

त्या रविवारी मी पिंजरा केला. जाळी वीतभर जमिनीत, वर झाकण, दोन कड्या. संध्याकाळच्या आत झाला. चार महिने जे टाळलं ते एका दिवसाचं काम होतं.

कासव वाचलं. जखम भरली, वनखात्याने नेलं, असं डॉक्टरांनी आक्काला फोनवर सांगितलं. पिंजऱ्यात आता ती कोंबडीची पिल्लं ठेवते. वाडीत कोणी आलं की हाताला धरून दाखवायला नेते, "माज्या भावाने केला. त्याच्या हाताला लय गुन हाय." आणि मी कडी नीट बसते का बघायला खाली वाकतो.