करपलं काय वं?

"करपलं काय वं?" हा प्रश्न ज्या बाईंनी मला दिवसातून दोनदा तरी विचारला, त्यांच्या हातची करपलेली पोळी पाच वर्षांत एकदाही माझ्या ताटात आली नाही. आम्ही त्यांना मेसवाल्या काकू म्हणत असू. वर्ध्याला पंचायत समितीत नोकरी लागली आणि मी नालवाडीत खोली घेतली, तेव्हा घरमालकीणबाईंनी बजावलं होतं, "जेवाले काकूकडं जाजो. पन तिनं विचारलं त खरं सांगजो." मी सांगलीकडची. 'वं' म्हणजे आपलं 'गं', हे कळायलाच मला दोन दिवस लागले. प्रश्नाचा अर्थ कळायला आठवडा लागला.

काकूंना मिरगी होती. फिट येण्याआधी मिनिटभर त्यांना काहीतरी करपल्याचा वास यायचा, आणि तो फक्त त्यांनाच यायचा. आता जिचा उभा दिवस तव्यापुढे जातो, तिला खरं करपणं कोणतं आणि डोक्यातलं कोणतं, हे कळावं कसं? म्हणून त्या शेजारी बसलेल्याला विचारत. "हो" म्हटलं की पोळी पलटत. "नाही" म्हटलं की लाटणं खाली, गॅस बंद, आणि काकू तव्यापासून दूर सरकून सतरंजीवर आडव्या. ओटा चांगला ग्रॅनाइटचा होता, पण त्यावर पाण्याच्या घागरी, शेगडी जमिनीवर. "उभी राहून पडन्यापेक्षा बसून पडलेलं बरं," असा त्यांचा हिशेब.

भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला होता. 'मला फिट आली तर चप्पल किंवा कांदा नाकाशी धरू नये. तोंडात चमचा घालू नये. कुशीवर वळवावे. भाजी पाहावी.' शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ. तरी एका नव्या गिऱ्हाइकानं घाबरून पायातली चप्पल काढलीच. शुद्धीवर आल्यावर काकू त्याला म्हणाल्या, "मिरगी डोक्शात हाये बापू, नाकात नाई. अन् धराचीच होती त धुवून तरी आनाची." तो बिचारा महिनाभर खाली मान घालून जेवत होता.

त्यांची स्मरणशक्ती मात्र भल्याभल्यांना लाजवेल अशी. तीसेक माणसं जेवायची, वर डबे वेगळे. कोणाचं नाव काय, कोणाला किती पोळ्या, कोण वांगं खात नाही, सगळं तोंडपाठ. डब्यांवर कधी नंबर घातला नाही. "मानसाले नंबर देते काय कोनी?" म्हणायच्या.

आणि नेमकं हेच पणाला लागलं होतं. गोळ्या चालेनाशा झाल्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदूत एका जागी जुना डाग आहे, तो काढला तर फिट थांबू शकतात. बऱ्याच जणांच्या थांबतात, सगळ्यांच्या नाही. पण ती जागा शब्दांच्या शेजारची; नावं आठवायला जड जाईल. काका ऑटो चालवायचे. ते म्हणत, "चालून राह्यलं ना? मंग डोकं काऊन उघडाचं?" काकूही मान डोलवत. डॉक्टरांचे कागद पिठाच्या डब्यामागे पडून राहिले.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. मला सडकून सर्दी झाली होती आणि हातात मोबाईल होता. काकूंनी विचारलं, "करपलं काय वं?" नाकाला काडीचंही कळत नव्हतं. तरी मी मान वर न करता म्हणाले, "हो, थोडंसं." त्या पोळी पलटायला वाकल्या आणि तशाच तव्यावर कोसळल्या.

मी त्यांना ओढलं, गॅस बंद केला, कुशीवर वळवलं. कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला होता. शुद्ध आली तेव्हा मी हमसून रडत होते. त्यांनी आधी हात बघितला, मग म्हणाल्या, "सर्दी होती त नाई मालूम म्हनाचं. नाई मालूम म्हनाले लाज कायची?" एवढंच बोलल्या. एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी ऑफिसातसुद्धा अंदाजानं उत्तर दिलेलं नाही. साहेबांना ते आवडत नाही, पण इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी मी हाताला मलम लावत असताना काकूंनी काकांना सांगितलं, "मी ऑपरेशन करतो. दुसऱ्याच्या नाकावर किती दिवस सयपाक करू?"

"अन् नावं गेली त? माह्यं नाव इसरली त?"

"तुमचं नाव मी घेतलं कवा?"

काका आधी खो खो हसले, मग उपरण्यात तोंड लपवून रडले.

तरी तपासण्यांतच दीड-दोन वर्षं गेली. एकदा डोक्याला वायरी लावून फिट येण्याची वाट बघत त्यांना चार दिवस निजवून ठेवलं. "जलमभर येऊ नये म्हनून नवस केले, अन् तिथं येत नाई म्हनून डॉक्टर चिंतेत!" शेवटी पाचव्या दिवशी त्यांनी नर्सलाच विचारलं, "करपलं काय वं?" आणि मशीनवर हवं ते उमटलं.

ऑपरेशनला जाण्याआधी त्यांनी मला लाल रंग आणि ब्रश आणायला सांगितलं. एकेक डबा पुसून माझ्यापुढे ठेवत, त्याच्या धन्याचं नाव मोठ्यानं घेत. मी ते झाकणावर लिही. माझा दुपारचा डबा पुढे करताना त्यांनी माझं नाव तीनदा घेतलं. या बाईला भीती वाटते, हे मला पाच वर्षांत तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

त्याच महिन्यात माझी समुद्रपूरला बदली झाली. मी परत गेले ती आठेक महिन्यांनी. स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. शेगडी ओट्यावर होती आणि काकू तिच्यापुढे उभ्या होत्या. केस आखूड, कानाच्या वर बारीक व्रण. एकदाही फिट नाही, काकांनी दारातच सांगितलं होतं. गोळ्या चालू होत्या. काकूंनी मला बघितलं, तोंडभर हसल्या, आणि ओठ हलत राहिले. नाव येईना. त्यांनी शांतपणे फळीवरचे डबे चाळले, एक झाकण वाचलं. "वैशाली. दोन पोळ्या, वांगं नाई."

मी बोलत सुटले, त्या ऐकत राहिल्या. तेवढ्यात करपल्याचा वास आला. मला सर्दी नव्हती. सवयीनं माझं तोंड उघडलं, "हो काकू, खरंच..."

काकू केव्हाच तव्याकडे वळल्या होत्या. पोळी पलटत म्हणाल्या, "आता तुले कोन विचारते?"

ती पोळी त्या बाजूला ठेवत होत्या. मी मागून घेतली आणि खाल्ली, काळ्या डागासकट.