टेबानने थांबवलेली लढत

मी लष्करी अकादमीच्या भटारखान्यात भात शिजवते आणि मानोंग टेबान, म्हणजे आमचा टेबानदादा, बॉक्सिंगवाल्या मुलांच्या मुठींना पट्ट्या बांधतो, ग्लोव्हज चढवतो. सव्वीस वर्षं झाली. तोंडाचा फटकळ, पण हात आईचा.

आमच्याकडे कॅडेटांच्या तुकड्यांच्या, म्हणजे कंपन्या-कंपन्यांच्या, लढती लागल्या की माझा जीव वर-खाली होतो. एखाद्या वजनगटात खेळाडू उतरवला नाही तर कंपनीचे गुण कापतात. मग पहिल्या वर्षाचं सापडेल ते पोर उभं करायचं. त्या पोरांना वरच्यांपुढे दोनच उत्तरं ठाऊक: हो सर, नाही सर. मेला असला कसला नियम!

यंदा इफुगाओच्या डोंगरातला दुलावान सरावात डोक्यावर मार खाऊन आला. तीन दिवस तो नुसता भात चिवडत होता. मी टेबानच्या कानावर घातलं.

शनिवारी दुपारी पट्टी बांधताना टेबानने विचारलं, "डोकं दुखतंय का रे?"

मागे त्याच्या कंपनीचा कप्तान, वरच्या वर्षाचा अबाद, उभा होता.

"नाही सर."

टेबान तर साधा नोकर, त्याला कोण सर म्हणतं? "तिथेच मी ओळखायला हवं होतं," असं टेबान आता म्हणतो. त्याने ग्लोव्हजच्या नाड्या आवळल्या.

दुसरी फेरी संपली आणि दुलावान समोरच्याच्याच कोपऱ्यात जाऊन बसला. सगळे हसले. टेबान दोरांतून आत घुसला आणि नाड्या सोडायला लागला. केवढा गलका झाला! पंचांनी लढत थांबवली. कंपनीची ढाल गेली.

दुलावानच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे काय केलंत, मानोंग? मला परत बराकीत यांच्याच हाताखाली जायचंय ना."

टेबान त्याला दवाखान्यात न्यायला निघाला, तेवढ्यात अबाद हसत आला. "आमचं पोर आहे, मानोंग. आम्ही बघतो."

दुलावान आपणहून उठला आणि त्याच्या मागे चालू लागला. टेबानने त्याचा दंड धरला होता, तो सोडला.

रविवारी सकाळी टेबान माझ्याकडे कॉफी पीत बसला होता. अबाद दारात आला. चेहरा पांढराफटक. दुलावानच्या अंगाला लावायला थोडा बर्फ हवा होता म्हणाला.

"किती?" मी विचारलं.

"आहे तेवढा सगळा."

टेबानने कप खाली ठेवला आणि बराकीकडे धावत सुटला.